सीलिंग कोणाच्या डोक्यावर?

मराठीच्या उत्तरपत्रिकांत, चर्चासत्रांतील निबंधांत आणि पुस्तक-परीक्षणांत गेली काही वर्षे एक शब्दप्रयोग बिनदिक्कत वावरतो आहे : 'काचेचे छत'. कादंबरीची नायिका नोकरी करणारी असली की शेवटच्या प्रकरणापर्यंत तिने हे छत फोडलेच पाहिजे, असा जणू समीक्षेचा दंडकच होऊन बसला आहे. इंग्रजीतील 'ग्लास सीलिंग'चे हे शब्दशः भाषांतर आहे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते आणि वाचणाऱ्यालाही. दोघांनाही आठवत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. 'सीलिंग' हा शब्द मराठीत त्याच्या कितीतरी आधी, निराळ्या वाटेने आणि जवळजवळ उलट्या अर्थाने आलेला होता. भाषांतराच्या सदोषतेवर प्रस्तुत लेखाचा आक्षेप आहेच. पण खरा आक्षेप या विस्मरणावर आहे.

प्रथम मूळ शब्दाचा प्रवास पाहू. इंग्रजीत 'सीलिंग' म्हणजे आरंभी खोलीला आतून लाकडी फळ्यांचे अस्तर देणे. सोळाव्या शतकात तो शब्द खोलीच्या वरच्या, आतील पृष्ठभागासाठी वापरला जाऊ लागला. घरावर बाहेरून असते ते 'रूफ', आतून दिसते ते 'सीलिंग'. विसाव्या शतकात विमाने आली आणि विमानाला गाठता येईल त्या कमाल उंचीला त्याचे 'सीलिंग' म्हणू लागले. १९३०च्या दशकात हाच शब्द वेतन, किमती, खर्च यांच्या वरच्या सीमेसाठी रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४२ साली किंमत नियंत्रणाचा कायदा केला आणि 'सीलिंग प्राइस' हा तिथल्या गिऱ्हाइकाच्या रोजच्या बोलण्यातला शब्द झाला.

या प्रवासात एक गोष्ट हळूच निसटली आहे. विमानाचे सीलिंग कोणी ठरवलेले नसते. हवा विरळ होते, इंजिनाची शक्ती अपुरी पडते आणि विमान त्याहून वर जात नाही. तो निसर्गाचा नियम आहे. तिथे कर्ता नाही. किमतीचे सीलिंग मात्र कोणीतरी ठरवते, कोणावर तरी लादते आणि कोणासाठी तरी राबवते. तिथे कर्ता आहे, कर्म आहे आणि संप्रदानही आहे. एकच रूपक दोन्हीकडे वापरले की दुसऱ्या ठिकाणचा कर्ता पहिल्या ठिकाणच्या निसर्गात विरघळून जातो. 'सीलिंग आहे' एवढेच वाक्य उरते. 'सीलिंग कोणी घातले' हा प्रश्न उरत नाही. व्याकरण शिकवणाऱ्यांनी तरी या कर्तृलोपाकडे काणाडोळा करू नये.

मराठीत हा शब्द कर्त्यासकट आला, हे त्याचे भाग्य. महाराष्ट्रात शेतजमीन धारणेवर कमाल मर्यादा घालणारा कायदा १९६१चा. तो २६ जानेवारी १९६२ रोजी अमलात आला. पुढे १९७५मध्ये या मर्यादा आणखी खाली आणण्यात आल्या. कुटुंबाला बारमाही पाण्याची जमीन १८ एकरांपर्यंत आणि कोरडवाहू ५४ एकरांपर्यंत ठेवता येईल, असे ठरले. मर्यादेवरील जमीन सरकारने घ्यायची आणि भूमिहीनांना वाटायची. कायद्याच्या मराठी नावात कोठेही 'सीलिंग' नाही. तरीही गावोगावी त्याचे एकच नाव झाले : सीलिंगचा कायदा. ज्याची गेली तो म्हणाला, "वीस एकर सीलिंगमध्ये गेली." ज्याला मिळाली तो म्हणाला, "आम्हाला सीलिंगची जमीन मिळाली." तलाठ्यापासून तमासगिरापर्यंत सर्वांना हा शब्द कळला, आणि तो कळण्यासाठी कोणाला इंग्रजी येण्याची गरज पडली नाही. या शब्दात छत नव्हते, फळ्या नव्हत्या. त्यात होते ते एवढेच : एकाने किती ठेवावे याला शेवट आहे, आणि तो शेवट त्याच्या मर्जीवर नाही.

हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. विनोबांचे भूदान १९५१मध्ये पोचमपल्लीला सुरू झाले. त्यातही जमीन वरून खाली जाते; पण 'दान' या शब्दात देणारा मोठा राहतो आणि घेणारा उपकृत होतो. 'सीलिंग' या शब्दात देणारा कोणीच नाही. ज्याची जाते त्याला पुण्य लागत नाही, ज्याला मिळते त्याला मान तुकवावी लागत नाही. मराठीच्या सामाजिक शब्दसंग्रहात दान, दया, कृपा, बक्षीस, इनाम, वतन असे वरून खाली येणारे शब्द ढिगाने आहेत. उपकाराशिवाय वरचे खाली आणणारे शब्द मोजकेच. त्यांतला हा एक, आणि तो नेमका परभाषेतून यावा, हे आपल्या सांस्कृतिक इतिहासावरचे पुरेसे बोलके भाष्य आहे.

आता 'ग्लास सीलिंग'कडे वळू. या शब्दप्रयोगाचे श्रेय सामान्यतः मॅरिलिन लोडेन यांना दिले जाते. १९७८ साली न्यूयॉर्कमधील एका परिसंवादात त्यांनी तो वापरला. १९८६मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'मधील लेखामुळे तो सर्वतोमुखी झाला, आणि १९९१च्या नागरी हक्क कायद्यान्वये अमेरिकेने या प्रश्नावर आयोगच नेमला. स्त्रिया नोकरीत वर चढत जातात, वरची खुर्ची त्यांना दिसत असते, आणि तरी एका पायरीनंतर न दिसणारे काहीतरी डोक्याला लागते. हा अनुभव खरा आहे आणि त्याला नाव मिळाले हे उत्तमच झाले. आक्षेप त्या अनुभवावर नाही. मात्र दिशा पाहा. जमिनीचे सीलिंग बलवानाच्या डोक्यावर घातलेले, दुर्बळासाठी. उघड, कायद्याने छापलेले, एकरांत मोजलेले. काचेचे सीलिंग दुर्बळाच्या डोक्यावर घातलेले, बलवानासाठी. छुपे, कोठेही न लिहिलेले, कशातच न मोजता येणारे. पहिले टिकवावे असे, दुसरे फोडावे असे. इंग्रजीत दोहोंना एकच नाम आहे आणि फरक सारा 'काच' या विशेषणावर सोपवलेला आहे. मराठीत आपण हा फरक नीट सांगू शकलो असतो, कारण पहिला अर्थ आपल्याकडे शेतात रुजलेला होता. आपण काय केले? दुसऱ्या अर्थाचे भाषांतर केले आणि पहिला अर्थ महसूल खात्याच्या दप्तरात सोडून दिला.

भाषांतर तरी धड झाले काय? 'छत' हा शब्द मराठी माणसाच्या मनात काय जागे करतो, हे पाहावे. डोक्यावर छत असणे म्हणजे आसरा असणे. एका छताखाली राहणे म्हणजे एकत्र नांदणे. इंग्रजीत 'सीलिंग' हा शब्द वरच्या सीमेसाठी वापरून वापरून गुळगुळीत झाला होता, म्हणून त्याला 'काच' जोडताच नवा अर्थ चमकला. मराठीत 'छत' कधीच सीमा नव्हते. ते निवाऱ्याचेच चिन्ह होते. त्यामुळे मराठी वाचकाला छत फोडणारी बाई प्रथम आपलाच आसरा मोडणारी वाटते आणि मग तळटीप वाचून ती धीट वाटू लागते. जे रूपक तळटिपेच्या कुबड्यांवर चालते त्याला रूपक का म्हणावे? शिवाय आपल्या जुन्या घरांत छत ही सार्वत्रिक गोष्टही नव्हती. वाड्याच्या दिवाणखान्याला तक्तपोशी असे, बैठकीला वरून कापड ताणलेले असे. सामान्य घरात वर पाहिले तर आढे, वासे आणि कौले दिसत.

आणि मुळात आपल्या बाईला अडवणारी गोष्ट डोक्यावर होती, हेच कोणी ठरवले? मराठी अनुभवात ती पायाशी होती. तिचे नाव उंबरठा. घराबाहेर न पडणे, माजघरातून ओसरीवर न येणे, चारचौघांत वर मान करून न बोलणे हे अडसर आडवे होते, उभे नव्हते. वर चढण्याचा प्रश्न बाहेर पडल्यानंतरचा. सावित्रीबाई फुले १८४८ साली पुण्यात शिकवू लागल्या तेव्हा त्यांच्या आड कसले छत नव्हते. रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर अंगावर शेणमाती टाकणारे लोक होते. त्यात पारदर्शक काही नव्हते. ज्यांना सारे उघड दिसत होते त्यांच्या लढ्याला 'काचेचे छत' हे नाव देणारा निबंध जेव्हा हाती येतो, तेव्हा गुण किती द्यावेत यापेक्षा आपण शिकवले काय, असा प्रश्न आपण शिक्षकांनी स्वतःला विचारावा.

या अडसराला मराठीत एक फार जुना शब्दही आहे, आणि तो आपण रोज वापरतो : मर्यादा. संस्कृतात मर्यादा म्हणजे सीमा, काठ. मराठीत तिला नीतीचा वास लागला. रामासाठी ती भूषण झाली, तो मर्यादापुरुषोत्तम. बाईसाठी ती ताकीद झाली : "मर्यादेत राहा." पुरुषाने मर्यादा पाळली तर तो त्याचा मोठेपणा, बाईने पाळली तर त्यात विशेष काय, आणि मोडली तर मात्र अनर्थ. तिकडे सहकारी कारखान्याच्या पाटीवर 'मर्यादित' लिहिलेले असते. तिथे मर्यादा सभासदाला जपते, कारण त्याची जबाबदारी भागभांडवलापुरतीच ठरते. एकच शब्द एकाचे कवच होतो आणि दुसरीचे कुंपण होतो. हे सारे आपल्या भाषेत असताना काच आयात करण्याची निकड का भासावी, हे कोडेच आहे.

येथे शुद्धतावादी मित्र आनंदाने पुढे सरसावतील : "म्हणजे तुमचेही आमच्यासारखेच. 'सीलिंग' टाका आणि 'कमाल मर्यादा' म्हणा." त्यांचा आनंद अल्पकाळ टिकावा, ही इच्छा. 'कमाल' हा शब्दही परकाच आहे. अरबीत त्याचा अर्थ पूर्णता. पेशवाईच्या महसुली व्यवहारात गावाच्या पूर्ण आकारणीला 'कमाल' म्हणत. म्हणजे हाही शब्द सीलिंगसारखाच जमीनमहसुलाच्या वाटेने मराठीत आला. एका महसुली पाहुण्याला घरचा म्हणायचे आणि दुसऱ्याला दारातच अडवायचे, यात शुद्धी कोठे आली? 'धारणा' तर त्याहून गमतीची. सरकारी मराठीत 'जमीनधारणा' म्हणजे जमीन ताब्यात असणे. आपल्या तुमच्या मराठीत धारणा म्हणजे मनाची समजूत. 'कमाल धारणा' हे शब्द प्रथम वाचणाऱ्या विद्यार्थ्याला, माणसाने जास्तीत जास्त किती समजुती बाळगाव्यात याचा कायदा आहे की काय, असे वाटले तर त्याला हसू नये.

लोक शब्द निवडताना शुद्धाशुद्ध पाहत नाहीत. त्या शब्दात व्यवहार दिसतो की नाही, हे पाहतात. किमान आधारभूत किंमत हा सरकारी शब्द. शेतकऱ्याने त्याला 'हमीभाव' म्हटले, कारण त्यात कोणीतरी हमी घेतली आहे हे ऐकू येते, आणि ती मोडली तर जाब विचारता येतो. नियंत्रित दराच्या धान्याला लोक 'कंट्रोलचे' म्हणाले. त्यात भावावर कोणाचा तरी हात आहे, हे कळते. 'सीलिंगमध्ये गेली' हेही त्याच जातीचे.

याच्या उलट जिथे व्यवहार लपवणारा शब्द रुळला तिथे काय झाले, त्याचा दाखला प्रत्येक वाण्याच्या दुकानात आहे. वेष्टनावर छापतात ती 'कमाल किरकोळ किंमत' ही वरची सीमा आहे. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो, अधिक घेऊ शकत नाही. मराठीत तिला आपण 'छापील किंमत' म्हणतो. त्या दोन शब्दांत 'कमाल' गळाले, आणि जी सीमा होती तीच किंमत होऊन बसली. घासाघीस करणारे गिऱ्हाईक छापील आकडा पाहताच गप्प होते. एक विशेषण गळाले आणि त्याबरोबर एक हक्कही गळाला.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. सीलिंगचा कायदा फसला. मग त्याच्या शब्दाचे एवढे कौतुक कशाला? आक्षेपात तथ्य आहे. नातेवाइकांच्या नावे, कधी केवळ कागदावरच्या माणसांच्या नावे जमिनी झाल्या. वाटलेल्या जमिनींत हलक्या जमिनी पुष्कळ होत्या. खासगी साखर कारखान्यांच्या जमिनी या कायद्याखाली घेतल्या गेल्या आणि १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. ज्या खंडकरी शेतकऱ्यांनी त्या मुळात कारखान्यांना खंडाने दिल्या होत्या, त्यांना त्या परत मिळू लागायला २०१२ साल उजाडले. आज किसानपुत्र आंदोलनासारखी चळवळ हा कायदाच रद्द करा म्हणते. कारखानदाराच्या मालमत्तेला सीलिंग नाही, मग शेतकऱ्यालाच का, हा तिचा सवाल साधा नाही आणि तो टाळण्याजोगाही नाही. पण नीट ऐकावे : हा सवाल विचारतानाही 'सीलिंग' हा शब्द त्याच जुन्या अर्थाने वापरला जातो. मर्यादा कोणावर घातली, कोणाला वगळले, का वगळले, हे सारे त्या एका शब्दाच्या आधाराने विचारता येते. कायदा असावा की नसावा याचा वाद घालायलासुद्धा शब्द जिवंत असावा लागतो.

शहरात तो तसा उरला नाही. नागरी जमिनीचा सीलिंग कायदा १९७६चा. मुंबईत ५०० आणि पुण्यात १,००० चौरस मीटर अशी रिकाम्या जमिनीची मर्यादा त्यात होती. शहरी मराठीने त्याला 'यूएलसी' केले. आद्याक्षरांत शिरताच सीलिंग दिसेनासे झाले. उरली ती कलम २०खालची सूट आणि तिच्यासाठीच्या खेपा. केंद्राने १९९९मध्ये हा कायदा रद्द केला आणि महाराष्ट्राने २९ नोव्हेंबर २००७ रोजी ते निरसन स्वीकारले. तेव्हा विकासाच्या वाटेतला अडथळा गेला, असे म्हटले गेले. अडथळा! सीलिंग या शब्दाचा अर्थ कसा उलटला, याची ही नोंद आहे. जी सीमा संचयावर होती ती आता आकांक्षेवरची सीमा म्हणून ओळखली जाऊ लागली. व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके 'मर्यादा झुगारून द्या' असे सांगतातच. त्यांना कोणाची मर्यादा आणि कोणी झुगारायची, हे विचारायचे नसते. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी ते विचारायला हवे होते.

आरक्षणाच्या ५० टक्क्यांचे उदाहरण या संदर्भात तपासण्याजोगे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९२च्या इंद्रा साहनी खटल्यात ही सीमा पक्की केली. अपवादात्मक परिस्थितीची वाट मात्र ठेवली. ५ मे २०२१ रोजी मराठा आरक्षणाचा कायदा याच सीमेचा आधार घेऊन रद्द झाला. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी आर्थिक दुर्बळांच्या १० टक्के आरक्षणाच्या वेळी बहुमताने ही सीमा अलंघ्य नसल्याचे सांगितले. हे सीलिंग कोणत्या जातीचे? समान संधीचे रक्षण करणारे, की मागे राहिलेल्यांच्या डोक्यावरचे? विद्वानांत मतभेद आहेत आणि ते असणारच. पण आपली वृत्तपत्रे जेव्हा '५० टक्क्यांची लक्ष्मणरेषा' लिहितात तेव्हा वाद सुरू होण्याआधीच संपतो. लक्ष्मणरेषा म्हटली की ती ओलांडणाऱ्यावर संकट येणारच, आणि दोष ओलांडणाऱ्याचाच. एका न्यायालयीन निर्णयाला पुराणाचे अढळपद मिळते.

दोन्ही सीलिंगे एकाच कागदावर भेटली, असेही घडले आहे. उत्तर प्रदेशच्या सीलिंग कायद्यात सज्ञान मुलामागे कुटुंबाला थोडी जादा जमीन राखता येई. सज्ञान अविवाहित मुलीमागे नाही. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे यावर आक्षेप घेतला गेला आणि तरतूद कायम राहिली. जादा जमीन मुलाला मिळत नाही, ती बापाकडेच राहते, असा त्यामागचा युक्तिवाद होता. जमीनदाराच्या डोक्यावर सीलिंग घालणारा कायदाच घरातल्या मुलीला हिशेबाबाहेर ठेवत होता. हा प्रसंग 'काचेचे छत' या शब्दांत कसा मांडणार? इथे काच नाही. शाईने छापलेले कलम आहे. पहिल्या सीलिंगचा अर्थ ठाऊक असेल, तरच दुसऱ्याचा अन्याय धड सांगता येतो.

म्हणून मागणे थोडकेच आहे. 'सीलिंग' हा मराठी शब्द आहे, असे निःसंकोच मानावे, कोशात त्याला त्याच्या जमिनीसकट जागा द्यावी आणि विद्यार्थ्याने तो वापरला तर लाल शाई आवरावी. 'काचेचे छत' मात्र सोडून द्यावे. त्याजागी एकच पर्यायी शब्द द्या, असा आग्रह कोणी धरू नये. आडकाठी, मज्जाव, उंबरठा, वेस, शिवाय ताकीद म्हणून आलेली मर्यादा, असे पुष्कळ शब्द आहेत, आणि कोणता कोठे बसतो हे त्या कादंबरीतल्या त्या बाईला नेमके कोणी आणि कसे अडवले यावर ठरेल. ते शोधणे म्हणजेच समीक्षा. तयार रूपक हाती आले की हे शोधण्याचे कष्ट वाचतात. त्याच्या लोकप्रियतेचे रहस्य बहुधा एवढेच आहे.

आणि 'मर्यादा' हा शब्द वर्गात आला की फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत : कोणी घातली? कोणावर घातली? कोणासाठी घातली? या तिन्हींची उत्तरे ज्या वाक्यात नाहीत ते वाक्य अपुरे समजावे, मग ते कितीही शुद्ध मराठीत असो. सीलिंगमध्ये जमीन गेलेला आणि सीलिंगची जमीन मिळालेला, दोघेही एकाच गावात राहत होते. एकाच शब्दाबद्दल त्यांची मते टोकाची होती. पण तो शब्द कोणाच्या डोक्यावर आहे, याविषयी दोघांच्याही मनात संदेह नव्हता.